हत्याराची मूठ आणि संगणकाचा पडदा



स्मरणिकेत धम्म, इतिहास आणि चळवळ यांवरील लेख आपण दरवर्षी वाचतो. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा वेगळा आहे. सुताराचा रंधा, पटाशी, चांभाराची रापी, शल्यविशारदाची सुरी अशी हाताने वापरायची उत्तम हत्यारे आज संगणकावर कशी आखली जातात, हे या लेखात सोप्या भाषेत सांगावयाचे आहे. हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु हत्यार कोणी आखावे आणि कोणी नुसते वापरावे, हा प्रश्न आपल्या समाजाच्या इतिहासाशी निगडित आहे. म्हणून त्याचा अभ्यास आपण केला पाहिजे.

१. सुत्तातील वाकस

संयुत्त निकायात 'वासिजट सुत्त' नावाचे एक सुत्त आहे. 'वासी' म्हणजे सुताराचा वाकस. भगवान बुद्ध भिक्खूंना साधना कशी फळते हे समजावून देताना या वाकसाच्या दांड्याची उपमा देतात. रोज वाकस वापरणाऱ्या सुताराला दांड्यावर आपल्या बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटलेले दिसतात. दांडा आज किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. मात्र झिजला की झिजला, हे त्याला कळते. साधकाच्या चित्तातील मळही असेच रोजच्या अभ्यासाने झिजत जातात, असा त्याचा आशय आहे.

धम्माच्या दृष्टीने या उपमेचा अर्थ मोठा आहेच. परंतु आपल्या आजच्या विषयासाठीही त्यात एक धडा आहे. लाकडाचा सरळ दांडा वर्षानुवर्षे वापरून झिजतो आणि अखेर हाताच्या आकाराचा होतो. म्हणजे दांड्याचा खरा आकार कोणता, हे वापरणारा हात ठरवतो. हे काम व्हायला पूर्वी अर्धे आयुष्य जात असे. आज तो आकार आधीच मोजून, पडद्यावर काढून, पहिल्या दिवसापासून हत्याराला देता येतो. संगणकावर हत्यार आखण्याचे सार एवढेच आहे. मात्र तो हात कोणाचा मोजायचा, हा प्रश्न संगणक सोडवत नाही. तो माणसांनीच सोडवावा लागतो.

२. हत्याराच्या आखणीत समाज दडलेला असतो

हत्यार म्हणजे निर्जीव वस्तू, तिला जातपात काय, असे कोणी म्हणेल. त्यासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण पाहू.

गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना कताईच्या खात्यात काम मिळे. परंतु जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नसे. कारण काय दिले जाई? मागावरील धोट्यात नवी कांडी घातली की तिचा दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही वापरणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. १९२८ सालच्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला आणि विणकाम खाते अस्पृश्यांना खुले झाले पाहिजे अशी मागणी लावून धरली.

आता त्या धोट्याकडे हत्यार म्हणून पाहा. तोंडाने दोरा ओढणे कामगारांच्या आरोग्यालाही घातक होते. म्हणून अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्याने १९११ सालीच असा धोटा कायद्याने बंद केला होता. हाताने दोरा ओवता येईल असे धोटे तेव्हा बनू लागले होते. म्हणजे ज्या छिद्राच्या आडून आपल्या माणसांना जास्त पगारापासून दूर ठेवले गेले, ते छिद्र बदलणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. अस्पृश्यता धोट्याने निर्माण केली नाही, ती माणसांच्या मनातच होती. परंतु तिला सबब मात्र धोट्याच्या रचनेने पुरवली. हत्यार आखणाऱ्याच्या टेबलावर कोण बसतो याला किती महत्त्व आहे, हे यावरून ध्यानात येईल.

३. कागदावरून पडद्यावर

पूर्वी हत्याराचे ज्ञान घराण्यात राही. लोहाराचा मुलगा बापाजवळ बसून शिके. माप डोळ्यात आणि हातात असे, कागदावर नसे. त्यामुळे त्या घरात न जन्मलेल्याला ते ज्ञान मिळणे कठीण होते.

कारखानदारी आली तेव्हा हे ज्ञान नकाशावर उतरले. अमेरिकेत लिओनार्ड बेली या कारागिराने लोखंडी रंध्याच्या रचनेत महत्त्वाच्या सुधारणा करून त्यांची पेटंटे घेतली. १८६९ साली स्टॅनले कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला. आज जगभर सुतारांच्या हाती दिसणारा लोखंडी रंधा मुख्यतः त्याच रचनेचा वंशज आहे.

त्यानंतरची मोठी पायरी संगणकाची. १९६३ साली आयव्हन सदरलँड या तरुणाने अमेरिकेतील एमआयटी संस्थेत 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम आपल्या प्रबंधासाठी तयार केला. प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेषा काढायची, आणि 'या दोन रेषा समांतर राहिल्या पाहिजेत', 'हा कोन काटकोन राहिला पाहिजे' अशी बंधने तिला घालायची, ही कल्पना त्यात होती. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीतील दे कास्तेल्जो आणि रेनॉ कंपनीतील पिएर बेझिए यांनी मोटारीच्या वळणदार पत्र्यांसाठी वक्ररेषा गणिताने मांडण्याची पद्धत शोधून काढली. हत्याराच्या मुठीचा गोलवा संगणकावर काढताना आजही त्याच वक्ररेषा उपयोगी पडतात.

१९८२ साली लहान संगणकावर चालणारे 'ऑटोकॅड' बाजारात आले. १९९५ साली 'सॉलिडवर्क्स' आले आणि घन वस्तू पडद्यावर घडवणे लहान कारखान्यांच्याही आवाक्यात आले. २००२ पासून विकसित होत असलेले 'फ्रीकॅड' हे सॉफ्टवेअर तर कोणालाही विनामूल्य वापरता येते. संगणकाच्या साहाय्याने आरेखन करण्याच्या या सर्व पद्धतीला थोडक्यात 'कॅड' म्हणतात.

४. धड्यासाठी एक हत्यार : रंधा

तत्त्व कळण्यासाठी एकच हत्यार नीट पाहणे चांगले. आपण रंधा घेऊ. रंध्याचे मुख्य भाग पाच आहेत : खालचा सपाट तळ, तळातील फट म्हणजे तोंड, त्यातून किंचित बाहेर डोकावणारे पाते, पाते टेकवण्याची उतरती बैठक आणि धरण्याची मूठ.

सगळे गणित कोनांचे आहे. नेहमीच्या लोखंडी रंध्यात पात्याची बैठक तळाशी ४५ अंशांचा कोन करते आणि पात्याची धार लावलेली बाजू खाली असते. म्हणून लाकूड कापण्याचा कोन ४५ अंशच राहतो. धार ३० अंशांची लावली, तर पात्याच्या मागे ४५ वजा ३० म्हणजे १५ अंशांची मोकळी जागा राहते. ही मोकळी जागा फार कमी झाली तर पाते कापण्याऐवजी लाकडावर घासू लागते.

दुसऱ्या प्रकारच्या रंध्यात बैठक फक्त १२ अंशांची असते आणि धार लावलेली बाजू वर असते. येथे कापण्याचा कोन बेरजेने मिळतो. धार २५ अंशांची असेल तर १२ अधिक २५ म्हणजे ३७ अंश. धार ३८ अंशांची केली तर ५० अंश. कोन लहान असेल तर लाकडाच्या आडव्या टोकावर पाते सहज चालते. कोन मोठा असेल तर जोर जास्त लागतो. परंतु ज्या लाकडाच्या रेषा उलटसुलट असतात ते लाकूड फाटत नाही. म्हणजे एकाच रंध्यात पाते बदलून दोन स्वभाव आणता येतात.

जाणत्या सुताराला ही गोष्ट हाताने कळलेली असते. ती वही-पेन्सिलने कशी मांडावी हे कळले की ती शाळेत शिकवता येते. ज्ञान घराण्यातून बाहेर पडून सर्वांचे होण्याचा हाच मार्ग आहे.

५. पडद्यावर रंधा कसा घडतो

आता संगणकावरील कामाचा क्रम पाहू. सॉफ्टवेअर कोणतेही असले तरी पायऱ्या साधारणपणे याच असतात.

पहिली पायरी रेखाटनाची. रंध्याची बाजूने दिसणारी आकृती सपाट पृष्ठावर काढतात. रेषा प्रथम अंदाजाने काढल्या तरी चालतात. मग त्यांना बंधने घालतात : तळ आडवा, बैठक तळाशी ४५ अंशांत, लांबी २४० मिमी. बंधन घालताच आकृती आपोआप मापात येते.

दुसरी पायरी घन आकाराची. सपाट आकृतीला जाडी दिली की पडद्यावर ठोकळा उभा राहतो. त्यातून तोंडाची फट कोरायची, भोके पाडायची, कडा गोल करायच्या. चूक झाली तर लोखंड वाया जात नाही.

तिसरी पायरी मापांच्या परस्पर संबंधांची. पात्याची रुंदी ५० मिमी आहे आणि रंध्याची रुंदी पात्यापेक्षा अमुक इतकी जास्त असली पाहिजे, असे नाते एकदा सांगून ठेवायचे. नंतर पात्याची रुंदी ४४ मिमी केली की सगळा रंधा त्या हिशेबाने बारीक होतो. लहान हातासाठी वेगळा रंधा आखायला पूर्वी नवा नकाशा काढावा लागे; आता एक आकडा बदलावा लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे महत्त्व दिसेल.

चौथी पायरी जुळणीची. पाते, स्क्रू, मूठ, बैठक हे सर्व भाग पडद्यावर एकत्र बसवून पाहतात. एक भाग दुसऱ्यात घुसत असेल तर संगणक ते दाखवतो.

पाचवी पायरी वजनाची. समजा रंध्याच्या लोखंडी अंगाचे घनफळ २०० घन सेंमी आहे. ओतीव लोखंडाची घनता सुमारे ७.२ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली, तर वजन १,४४० ग्रॅम होते. संगणक हा गुणाकार क्षणात करतो आणि वजनाचा मध्य कोठे आहे तेही दाखवतो. वजन पुढे झुकलेले असेल तर मनगट दुखते, हे मात्र वापरणाऱ्यानेच सांगावे लागते.

सहावी पायरी नमुन्याची. त्रिमितीय छपाई यंत्रावर, म्हणजे थ्री-डी प्रिंटरवर, प्लॅस्टिकची मूठ काही तासांत निघते. ती हातात धरून पाहायची, कानशीने घासायची, पुन्हा मोजायची आणि पडद्यावरील आकृती सुधारायची. चांगल्या हत्याराला अशा अनेक फेऱ्या लागतात.

सातवी पायरी प्रत्यक्ष उत्पादनाची. येथे ओतशाळेचा अनुभव कामाला येतो. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकुंचन पावते. म्हणून २४० मिमीच्या रंध्यासाठी पॅटर्न सुमारे २४२.४ मिमीचा करावा लागतो. शिवाय घासून सपाट करण्यासाठी थोडे जादा लोखंड ठेवावे लागते. त्यानंतर संगणक-नियंत्रित यंत्रावर तळ आणि बैठक तासतात. उत्तम रंध्याने काढलेला लाकडाचा छिलका कागदापेक्षाही पातळ असतो. तेव्हा तळाचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात का सांभाळावे लागते, हे सहज समजेल.

६. दोन उदाहरणे

जॉन इकोनोमाकी हे अमेरिकेतील ओरेगन राज्यातले फर्निचर करणारे कारागीर. लाकडाच्या भुशाचा त्रास होऊ लागल्याने त्यांना तो व्यवसाय चालू ठेवणे कठीण झाले. तेव्हा त्यांनी १९८३ साली पोर्टलंड शहरात 'ब्रिज सिटी टूल वर्क्स' ही संस्था काढली आणि लाकूडकामाची अत्यंत अचूक, देखणी हत्यारे आखण्यास सुरुवात केली. विजेशिवाय, केवळ हाताने चालणारे परंतु यंत्राइतके नेमके कापणारे करवतीचे साधन त्यांनी आखले, ते लाकूडकाम करणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. २०१८ साली ही संस्था चीनमधील हार्वे इंडस्ट्रीज या कंपनीने घेतली. इकोनोमाकींचे भांडवल कोणते, असे विचारले तर उत्तर एकच : लाकूड हातांनी ओळखणे. लाकडाशी जो संबंध भुशामुळे तुटू पाहत होता, तो त्यांनी हत्यारांच्या आखणीत कामी आणला.

दुसरे उदाहरण कॅनडाचे. लिओनार्ड ली यांनी १९७८ साली ओटावा येथे 'ली व्हॅली' ही हत्यारांची कंपनी सुरू केली. 'व्हेरिटास' या नावाने त्यांचे रंधे आणि इतर हत्यारे निघतात. ओटावातीलच एक प्लास्टिक सर्जन या कंपनीची लाकूडकामाची हत्यारे आपल्या शस्त्रक्रियांत वापरीत असल्याचे लींना समजले. शल्यविशारदाच्या सुरीची सपाट, चपटी मूठ पकडीला सोयीची नसते, हेही त्यांच्या लक्षात आले. त्यातून १९९८ साली त्यांनी वैद्यकीय साधने आखणारी 'कॅनिका' ही वेगळी कंपनी काढली. सुताराच्या हत्याराने डॉक्टरांच्या हत्याराला धडा दिला. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान कमी प्रतीचे आणि पुस्तकी ज्ञान वरच्या प्रतीचे, ही उतरंड किती खोटी आहे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड.

७. संगणकाला काय कळत नाही

संगणकाला माप कळते, तळहात कळत नाही. जोर लावून धरावयाच्या गोल मुठीचा व्यास साधारण ३० ते ५० मिमी असावा, असे अभ्यासक सांगतात. पण ३० का ५०, हे कोणाच्या हातावर अवलंबून आहे. युरोप-अमेरिकेतील उंच पुरुषाच्या पंजावरून आखलेली मूठ आपल्याकडील मध्यम बांध्याच्या माणसाला मोठी होते. स्त्रियांना तर ती आणखी अडचणीची. मूठ मोठी असेल तर बोटे पुरेशी वळत नाहीत, पकड घट्ट ठेवण्यास जादा जोर लागतो आणि दिवसअखेर मनगट व कोपर दुखू लागते. असा दुखरा हात घेऊन माणूस वर्षानुवर्षे काम करीत राहतो आणि दोष स्वतःच्या ताकदीला देतो.

आपल्याकडे या बाबतीत काम झालेले नाही असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, म्हणजे एनआयडीने, १९९७ साली देवकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. वस्तू आखणाऱ्यांना भारतीय माणसाची मापे एका ठिकाणी मिळावीत, हा त्याचा हेतू. अशी मापे आणि तिसऱ्या पायरीत सांगितलेली एक आकडा बदलण्याची सोय एकत्र आली, तर लहान, मध्यम आणि मोठ्या हातांसाठी तीन मुठी करणे काही अवघड नाही. तंत्र अडत नाही. अडते ते विचारण्यापाशी. खुरपे चालवणारी बाई, गटार साफ करणारा कामगार, रापी धरणारा कारागीर यांना 'तुमच्या हाताला हे कसे वाटते?' असे आखणी करणाऱ्याने विचारले आहे काय?

२०२३ साली केंद्र सरकारने 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. सुतार, लोहार, चर्मकार, हातोडा व हत्यारसंच बनवणारे अशा १८ व्यवसायांतील कारागिरांसाठी ती आहे. हत्यारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची तरतूद आहे. या योजनेची रचना परंपरागत, घराण्यातून चालत आलेल्या व्यवसायांवर आधारलेली आहे, ही गोष्ट आपण विसरू नये. गरजू कारागिराने योजनेचा लाभ जरूर घ्यावा. परंतु त्याच्या मुलीने त्याच हत्याराचा नकाशा का काढू नये, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे. १५,००० रुपयांच्या संचातील मूठ कोणाच्या हाताच्या मापाने आखली, याचे उत्तर देऊ शकणारी माणसे आपल्या वस्तीतून निघाली पाहिजेत.

८. बाबासाहेबांची दृष्टी आणि आपली अडचण

'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ सालच्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नसून ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हा विचार मांडला. यंत्रांविषयीही त्यांची भूमिका स्पष्ट होती. यंत्रामुळे माणसाला कष्टातून सवड मिळते आणि सवडीशिवाय संस्कृती नाही, असे ते मानीत. यंत्राचे वाईट परिणाम होत असतील तर त्याचा दोष यंत्राला न देता चुकीच्या समाजरचनेला दिला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात, तसेच सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे उमेदवारीच्या जागा मिळाव्यात, असा आग्रह धरला होता. कायदा आणि राज्यकारभार यांच्याबरोबर कारखान्याचे दारही उघडले पाहिजे, हे त्यांना दिसत होते.

आपली अडचण वेगळी आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आपल्या पूर्वजांवर कष्टाची कामे लादली गेली. त्यामुळे हाताचे काम सोडणे म्हणजे मुक्ती, अशी भावना आपल्यात रुजली. ती भावना न्याय्य आहे. ज्या हत्याराबरोबर अपमान आला ते घराबाहेर टाकावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून. आमच्या पिढीतील पुष्कळांनी टेबल-खुर्चीची नोकरी हेच ध्येय मानले आणि तिने आपली घरे उभी केली, हे नाकारता येत नाही.

परंतु हत्यार सोडणे आणि हत्याराचे ज्ञान सोडणे यांत फरक आहे. हत्यार लादणाऱ्यांच्या हाती त्याचे आरेखनही राहू दिले, तर अर्धी गुलामी तशीच राहते. आज आखणीचे टेबल सर्वांसाठी तांत्रिकदृष्ट्या खुले आहे. तेथे बसण्यास घराणे लागत नाही, महागडे सॉफ्टवेअरही लागत नाही. लागते ते भूमितीचे ज्ञान, धीर आणि काम करणाऱ्या हाताविषयी आस्था. या तिसऱ्या गोष्टीत आपल्या मुलामुलींना कोणापेक्षाही कमी मानण्याचे कारण नाही. ज्या मुलाने आजोबांच्या तळहातावरचे घट्टे पाहिले आहेत, त्याला मूठ कोठे टोचते हे पुस्तक न उघडताही ठाऊक असते. ज्या अनुभवाची लाज वाटायला शिकवले गेले, तोच अनुभव येथे पात्रता ठरतो.

अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविकेला स्थान आहे. आपली उपजीविका कोणाला इजा करणारी नसावी, एवढाच तिचा अर्थ घेऊन थांबू नये. दुसऱ्याच्या हाताची इजा कमी करणारे हत्यार आखणे ही तर सम्यक् आजीविका आहेच, शिवाय ती करुणेची प्रत्यक्ष कृती आहे.

९. कोठे शिकावे

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी पुढील मार्गांची माहिती करून घ्यावी.

(अ) औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआयमध्ये, 'आरेखक (यांत्रिकी)' हा दोन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. त्यात हाताने आरेखन आणि कॅड दोन्ही शिकवतात.

(आ) छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे व हत्यारे बनवण्याचे आणि कॅडचे प्रशिक्षण मिळते.

(इ) पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे २००२ साली एमआयटीच्या सहकार्याने 'फॅब लॅब' सुरू झाली. संगणकावर आखलेली वस्तू तेथेच यंत्रावर बनवण्याची सोय असलेली ही प्रयोगशाळा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी मोठी संधी ठरली. हाताने काम करीत शिकणे हे आश्रमाचे मूळ सूत्र आहे.

(ई) ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईत १९६९ साली सुरू झालेले औद्योगिक डिझाइन केंद्र आहे. पदवीसाठी 'यूसीड' आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी 'सीड' या प्रवेशपरीक्षा द्याव्या लागतात. बारावीची कोणतीही शाखा असली तरी 'यूसीड' देता येते, ही गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी.

(उ) घरी किंवा विहाराच्या वाचनालयात एक संगणक असला तरी 'फ्रीकॅड' विनामूल्य घेऊन आरंभ करता येतो. प्रथम घरातील एखादी वस्तू, उदाहरणार्थ विळीचा पाट किंवा हातोडीचा दांडा, मोजून पडद्यावर काढावा. रोज एक तास दिला तर काही महिन्यांत हात बसतो.

आपल्या संस्थेने विहाराच्या अभ्यासिकेत एक संगणक, एक व्हर्नियर कॅलिपर आणि एक साधा हत्यारसंच ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. वस्तीतील वयस्क कामगारांना रविवारी बोलावून विद्यार्थ्यांनी त्यांची हत्यारे मोजावीत, तळहाताची रुंदी आणि पकडीचा व्यास वहीत लिहावा, हत्यार कोठे दुखते ते विचारावे. ज्यांना आयुष्यभर कोणी काही विचारले नाही, त्यांना या विचारण्यानेही आपल्या श्रमाचा मान कळेल. आणि विद्यार्थ्यांच्या हाती अशी माहिती जमा होईल, जी कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आरेखन खात्यातही सहसा नसते.

अभ्यासासाठी प्रश्न

१) बैठक १२ अंशांची आणि धार वरच्या बाजूस ३३ अंशांची असेल, तर कापण्याचा कोन किती?
२) बैठक ४५ अंशांची, धार खालच्या बाजूस २५ अंशांची असेल, तर पात्यामागील मोकळी जागा किती अंशांची राहील?
३) २०० मिमी लांबीच्या ओतीव रंध्यासाठी, आकुंचन एक टक्का धरून, पॅटर्नची लांबी किती ठेवावी?
४) तुमच्या घरातील पाच हत्यारांच्या मुठींची मापे घ्या. घरातील स्त्री व पुरुष दोघांच्याही हाताला सोयीची अशी किती निघतात?
५) धोट्याच्या उदाहरणावरून, वस्तूच्या रचनेमुळे आजही कोणाला काम नाकारले जाते का, याची चर्चा करा.

सुत्तातील सुताराला दांडा किती झिजला हे रोज कळत नव्हते. तरी तो काम करीत राहिला आणि दांडा हाताच्या आकाराचा झाला. आपल्या मुलामुलींनीही रोज थोडे शिकत राहावे. काही वर्षांनी या स्मरणिकेत एखाद्या विद्यार्थिनीने स्वतः आखलेल्या खुरप्याचा नकाशा छापला जावो, आणि ते खुरपे तिच्या आजीच्या हातात नीट बसो, हीच मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!